मोठ्यानेच बोलणारा फोन

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे आणि खरं सांगायचं तर पार थकलो आहे. काच तडकली आहे, बॅटरी दुपारपर्यंत कशीबशी तग धरते. कानाला लावून ऐकायचा बारीक स्पीकर तर कधीच मुका झाला. तेव्हापासून माझ्यावर बोलायचं म्हणजे सगळ्या घराला ऐकवत बोलायचं. "रविवारी दुरुस्त करून आणतो," असं घरातला मुलगा म्हणतो. रविवार येतात नि जातात.

एके काळी माझा काय थाट होता! हाच मुलगा मला शर्टाच्या बाहीने पुसायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. मग त्याने नवा फोन घेतला नि मी त्याच्या बायकोकडे आलो. सूनबाई इस्त्रीच्या दुकानात कामाला. दिवसभर तिच्याबरोबर मीही वाफेत. पण तिने मला कधी आपटलं नाही.

तिला पाचवा महिना लागला होता. आधीचं बाळ सहाव्या महिन्यातच गेलेलं, त्यामुळे ती पाऊलसुद्धा जपून टाकायची. अशात तिच्या अंगावरून पांढरं जास्त जायला लागलं. आग व्हायची, वास यायचा. बिचारी दिवसातून चार-चारदा आतून धुवायची आणि त्याने आणखीच बिघडायचं. शेवटी घाबरून तिने माझ्यावरून एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. त्यांनी अंगावरून जातं ते घरीच तपासायची पट्टी पाठवली. पट्टी हिरवट झाली, म्हणजे काहीतरी बिघडलेलं; मी तिचा फोटो काढून पाठवला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी फोन आला. पडद्यापलीकडे सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"वास येतो का हो?" डॉक्टरीणबाईंचा प्रश्न घरभर घुमला.

सूनबाईने पडद्याकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली.

"आग, खाज?"

"तसं काही नाही."

"अहो, पट्टी एक सांगते नि तुम्ही एक सांगता. खरंच काही होत नाही?"

"नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धडधाकट असतो, तर ते प्रश्न तिच्या एकटीच्या कानात गेले असते ना! आता या पोरीचं बाळ माझ्यापायी धोक्यात.

तेवढ्यात पडदा सरकला. सूनबाईने मला घाईघाईने उशीखाली कोंबलं.

"काढ तो फोन बाहेर," सासूबाई म्हणाल्या. मग वाकून, मी ठार बहिरा असल्यासारख्या ओरडल्या, "डॉक्टर, वास येतो तिला! आगही होते. सारखी न्हाणीत असते, मला काय दिसत नाही? पाचवा महिना आहे नि मला लाजतेय वेडी."

"आई!" सूनबाईला रडूच फुटलं.

"आई काय आई? मी पंचवीस वर्षं हेच नाही-नाही करत काढली. कुणी बक्षीस दिलं नाही मला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत. जंतुसंसर्ग दिसतोय, औषधाने बरा होतो. पण पोटात बाळ आहे, तेव्हा उद्याच प्रत्यक्ष तपासायला या. सगळंच काही फोनवर भागत नाही. आणि ते आतून धुणं आजपासून बंद."

"मी घेऊन येते तिला," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आणि डॉक्टर... तशी अजून एक पट्टी मिळेल का? मला हवी होती."

सूनबाई डोळे पुसता पुसता त्यांच्याकडे बघतच राहिली.

ते बाळ पुरे दिवस भरून आलं. आता रांगतं आणि मला धरून चावतं. मी चावून घेतो. या वयात दुसरं काय करणार?

मित्रांनो, जुन्या वस्तू वेळेवर दुरुस्त करा, हे तर मी सांगणारच. पण घरातली कुणी बाई डॉक्टरांशी फोनवर बोलायला बसली, तर आधी उठून बाहेर जा. आणि जाताना तिला म्हणा, "जे होतंय ते खरं सांग, आम्ही आहोत."