दोन सूत आणि एक पोचा

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही. मी पंचेचाळीस वर्षांच्या एका ट्रॅक्टरचा पत्रा आहे. इंजिनावर झाकणासारखा बसतो तो, ज्याला लोक बॉनेट म्हणतात. मूळचा, कारखान्यातून आलेला. माझ्या नाकाखाली जी चकचकीत जाळी दिसते ती मूळची नाही. जुनीचा साचा बघून परवा-परवा कुणीतरी केलेली नक्कल आहे. ती ऐकते सगळं, बोलत काही नाही. ते बरंच आहे.

कारखान्यात एका दणक्यात मला आकार आला. तो आवाज इतका मोठा होता की तीन गावं पलीकडची घड्याळं बंद पडली. मग मी बाबांकडे, माझ्या मालकांकडे आलो. सव्वीस वर्षं आम्ही जमीन नांगरली. हिवाळ्यात माझ्या उबेनं बांधावरच्या आंब्याला महिनाभर आधीच मोहोर यायचा. हसू नका.

माझ्या डाव्या अंगाला एक पोचा होता. आकाशातून तारा पडला आणि तिथे आदळला, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे एका सकाळी इंजिन सुरू होईना, तेव्हा बाबांनी रागाच्या भरात हातातला पाना माझ्यावर मारला. मग लगेच ओशाळले आणि तिथे तळव्यानं चोळलं, लहान मुलाचं डोकं चोळावं तसं. त्यानंतर रोज सकाळी आधी तळवा त्या खळग्यात, मग चावी. शेजारी म्हणायचे, "काय हो, नाडी बघता की काय?" बाबा म्हणायचे, "बघावी लागते. म्हातारा होत चाललाय." तळवा त्या पोच्यात अगदी मापानं बसायचा.

पुढे नवे ट्रॅक्टर आले. मी एकोणीस वर्षं शेडमध्ये पडून राहिलो. कोंबड्यांनी माझ्यावर संसार थाटले. जुनी जाळी गंजून हातानं चुरा होईल इतकी गेली. बाबांचे डोळेही गेले. ते खुर्चीत बसून असायचे आणि बोलणं जवळजवळ सोडलं होतं. धाकट्या मुलाला वाटलं, बाबांचा ट्रॅक्टर पुन्हा उभा केला तर बाबाही उभे राहतील. त्याची तळमळ खरी होती, हे मला कबूल केलंच पाहिजे.

बाबांच्या वेळचा जुना मिस्त्री आला. नवी जाळी माझ्यापुढे धरून त्यानं मान हलवली.

"भाऊ, भोकं जुळत नाहीत. दोन सुतांचा फरक आहे."

"दोन सूत म्हणजे?"

"पाव इंच. जाळीची भोकं कानशीनं लांबवतो. दोन दिवस द्या."

"नव्या जाळीला कानस? रंग जाईल तिचा. या जुन्यालाच पाडा की नवी भोकं. तसाही पत्राच आहे."

"नव्याला घासायचं, जुन्याला नाही, अशी आमची रीत आहे. जाळी दुसरी मिळेल. हा मिळायचा नाही."

"तुम्ही रीत सांभाळा, मला रविवार सांभाळायचाय. रविवारी बाबांना आणणार आहे."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री यायच्या आत धाकट्यानं स्वतःच ड्रिल चालवलं. कारखान्यातल्या चार भोकांशेजारी मला आणखी चार पडली. मग त्याची नजर पोच्यावर गेली. एवढी सुंदर जाळी आणि शेजारी हा खळगा! त्यानं आतून हातोडी मारून तो वर उचलला, राहिलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, रंग मारला.

मिस्त्री आला आणि दारातच थांबला. "पोचा कुठे गेला?"

"काढला. बघा, आरसा झालाय."

"तो काढायचा नव्हता, भाऊ. बाबांचा हात असायचा तिथे."

"मग सांगायचं ना मला!"

"मला वाटलं, घरातल्या माणसाला माहीत असणार."

मिस्त्रीनं हत्यारं पिशवीत भरली आणि तो गेला.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. जुनी वस्तू जरूर दुरुस्त करा. पण नव्याला बसवण्यासाठी जुन्याला कापू नका. आणि एखादा डाग पुसण्याआधी, त्यावर रोज कुणाचा हात जायचा ते घरात विचारा.

माझं मात्र शेवटी चांगलंच झालं. रविवारी बाबांना हाताला धरून आणलं. त्यांनी डावा तळवा माझ्यावर ठेवला. अंगावर इतकी लांबी आणि रंग असूनही त्यांनी मला लगेच ओळखलं. "हाच तो," म्हणाले. धाकट्याला रडू फुटलं. मग बाबा कुणाचा आधार न घेता सीटवर चढले, चावी फिरवली, आणि आम्ही दोघं थेट...

"खोटं," माझ्या नाकाखालून जाळी म्हणाली. "मी समोरच होते. बाबांनी तीनदा हात फिरवला. शोधत होते काहीतरी. मग हात काढून घेतला आणि म्हणाले, 'छान आहे रे. आता आपला कधी आणतोस?'"