भवानीला विकला गेलेला ससा

मी एक जुना ससा आहे. थांबा, थांबा, हसू नका मित्रांनो! गवत खाणारा, उड्या मारणारा ससा नाही हो मी. मी लाकडाचा आहे, चांगल्या जून फणसाच्या लाकडाचा. तुमच्या घरी नारळ खवायची खवणी असते ना, तोच मी. फक्त आमच्या थायलंडात खवणीला ससा म्हणतात. दुकानात जाऊन ‘एक ससा द्या’ म्हटलं की दुकानदार मुकाट्याने खवणीच काढून देतो. माझ्या पाठीवर बसायचं, पुढे माझ्या तोंडातून लोखंडी जीभ बाहेर आलेली असते, तिला बारीक बारीक दाते, त्यावर नारळाची वाटी फिरवायची. झालं!

मला प्रयोंगने बनवलं. तो होड्या दुरुस्त करायचा. त्याच्या बायकोने, लमियातने, बाजारात नारळाचं दुकान टाकायचं ठरवलं, तेव्हा त्याने तिला एका उपड्या बादलीवर बसवलं आणि दोरीने मापं घ्यायला लागला. टाच ते गुडघा, खांदा ते कोपर, कोपर ते मनगट. ती वैतागली.

“अरे, नारळ खवायचाय मला, वरातीत नाही बसायचंय!”

“तू हलू नकोस गं. एक बोट जरी इकडेतिकडे झालं ना, तर तुझीच बोटं जातील.”

आणि खरंच मित्रांनो, असा बेतला त्याने मला, की तिचा हात पुढे आला की वाटी बरोब्बर माझ्या दात्यांवर यायची. ना कमी, ना जास्त. वर त्याने हौसेने मला दोन कान काढले आणि एक बारीकशी शेपटी. शेपटीचा उपयोग काय? काहीच नाही! पण काढली.

मग तीस वर्षं आम्ही बाजारात होतो. काय सांगू तुम्हाला! पहाटे भिक्खू रांगेने भिक्षा घेऊन गेले की जो गलका सुरू व्हायचा तो ऊन चढेपर्यंत. पलीकडे डुकराच्या मांसावर सुरा खाटखाट, शेजारी घमेल्यात जिवंत मासे फडफड, आणि आमच्या अगदी खेटून बुनचू बसायची, मिरचीचा ठेचा विकायला. तिच्या खलबत्त्याने सगळी गल्ली शिंकायची! बाजारात लमियातला सगळे नारळमावशी म्हणायचे. ‘नारळमावशी, अर्धा किलो कीस!’ ‘नारळमावशी, दूध घट्ट काढा हं, आज घरी पाहुणे!’ देवळाच्या उत्सवाला एका सकाळी दोनशे नारळ खवलेत मी. दोनशे! माझी जीभ तापून लाल व्हायची बाकी होती.

पण कौतुक कुणाचं झालं? तिचं. दुधाचं. आमटीचं. माझ्याकडे कोण बघणार? मी तर सदा तिच्या बुडाखाली! मग समोरच्या दुकानात विजेचं यंत्र आलं. घुर्रर्र करून एका मिनिटात दहा नारळ. अर्धी गिऱ्हाइकं तिकडे गेली. प्रयोंगही गेला, तापाचं निमित्त होऊन. आणि त्यानंतर तीन-चार वर्षांत लमियातच्या डोळ्यांत धुकं उतरायला लागलं.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं आणि बुनचूला होतं. गिऱ्हाईक आलं की लमियात आवाजावरून ओळखायची, चपलेच्या आवाजावरूनसुद्धा. पण नारळ खवताना तिला डोळ्यांची गरजच पडायची नाही, कारण मी होतो ना! कुठे थांबायचं हे तिच्या मनगटाला पाठ होतं.

बुनचू तिच्या मागेच लागलेली असायची. “ताई, ऑपरेशन करून घ्या ना. दुपारी घरी येऊन भात खातात लोक, इतकं सोपं झालंय ते आता.”

“करू गं. सोंगक्रान होऊ दे, नवं वर्ष लागू दे.”

“सोंगक्रान गेल्या वर्षीही होऊन गेला!”

खरी भीती डोळ्यांची नव्हती, लेकीची होती. लेक सायथिप बँकॉकला राहायची आणि तिने फोनवर सांगूनच ठेवलं होतं, “आई, एकदा जरी बोट कापलेलं दिसलं ना मला, की दुकान बंद. मी येऊन घेऊनच जाणार तुला.” प्रेमानेच म्हणायची हो ती. पण बँकॉकला अकराव्या मजल्यावर लमियातला ओळखणार कोण? चपलांचे आवाज तरी असतात का तिथे? म्हणून ती रोज सकाळी बसायच्या आधी माझ्या जिभेवरून अंगठा फिरवायची आणि हळूच म्हणायची, “सांभाळ रे बाबा.”

आणि मग ती सकाळ आली. ती टोपीवाली आली!

भली मोठी गवताची टोपी, गळ्यात कॅमेरा, हातात आमच्या भाषेचं छोटं पुस्तक. फिरायला आलेली, लांबच्या थंड देशातली. सकाळ नुकती उजाडली होती. लमियातची भवानी अजून व्हायची होती. टोपीवालीने पुस्तकात बघत बघत विचारलं, “हे... काय... आहे?”

“ससा,” लमियात म्हणाली.

टोपीवालीला पुस्तकातला ससा सापडला. ती आनंदली आणि वाकून टेबलाखाली बघायला लागली. मग टोपल्यामागे. मग गोणीमागे. बुनचूच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. “अहो बाई, तिथे काय शोधताय? तुमचा ससा ताईंच्या बुडाखाली आहे!”

लमियात हसत उठली. टोपीवालीने मला पाहिलं आणि काय सांगू, खाली मांडीच घालून बसली! माझ्या कानांवरून हात फिरवला. शेपटी सापडली तर टाळ्याच वाजवल्या. “सुंदर,” म्हणाली. “फार सुंदर.”

मित्रांनो, आता एक गोष्ट कबूल करतो. ती आजवर कुणाला सांगितली नाही. तीस वर्षांत मला कुणी सुंदर म्हटलं नव्हतं. मी फुगलो. आतून नुसता फुललो! आणि त्या एका क्षणी माझ्या मनात आलं, न्यावं हिने मला. खरंच आलं. लमियात शेजारी उभी होती आणि मला ती आठवलीसुद्धा नाही.

टोपीवालीने पुस्तकात बोट ठेवलं. “विकत?”

बुनचू खेकसली, “ताई, नाही म्हणा!”

“भवानीच्या आधी?” लमियात ओठ न हलवता म्हणाली. “पहिल्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं तर दिवसभर माशी तरी फिरकेल का इकडे? आजवर कधी म्हटलं नाही मी.”

“मग काय, देऊन टाकणार?”

“थांब गं. असा भाव सांगते की पळत सुटेल.” आणि गोड हसून तिने तीन बोटं दाखवली. “तीन हजार.”

आमच्या बाजारातल्या कुणालाही ते कळलं असतं. दोनशेच्या वस्तूला हसत तीन हजार सांगितले, म्हणजे ‘ही विकायची नाही, वाईट वाटून घेऊ नका’. आमचा माणूस मान डोलावून म्हणाला असता, “बरं मावशी, कीसच द्या अर्धा किलो.” झाली असती भवानी! पण टोपीवालीला कसं कळणार? तिला वाटलं, तीन हजार म्हणजे तीन हजार. तिने घासाघीसही केली नाही. तीन करकरीत नोटा काढल्या आणि दोन्ही हातांनी, मान लववून, लमियातच्या हातात ठेवल्या.

बुनचूचा बत्ता हवेत तसाच राहिला.

लमियातने नोटा घेतल्या. आणि मग तिने तीस वर्षं जे केलं तेच केलं. पहिल्या कमाईच्या नोटा हातात आल्या की आमच्याकडे त्या सगळ्या मालावर टेकवतात, ‘हेंग हेंग’ म्हणत, म्हणजे बरकत येऊ दे. नारळांवर नोटा टेकल्या, हेंग हेंग. दुधाच्या पिशव्यांवर, हेंग हेंग. तराजूवर. आणि सवयीने, अगदी सवयीने, माझ्या डोक्यावर. तिथे मात्र तिचा हात थांबला. “हेंग,” एवढंच म्हणाली. दुसरा हेंग आलाच नाही.

दोन दिवस मी टोपीवालीच्या खोलीत होतो. तिसऱ्या सकाळी तिने मला पिशवीत घातलं आणि परत बाजारात आणलं. मला केवढा आनंद झाला! म्हटलं, परत द्यायला आली. पण नाही. गाव सोडण्याआधी तिला लमियातबरोबर माझा एक फोटो हवा होता.

लमियात नव्या सशावर बसली होती. लोखंडाच्या दुकानातला, कुणाच्याही मापाचा नसलेला. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पांढरी पट्टी होती आणि पट्टीवर हळद पसरली होती.

“सांगा तिला!” बुनचू दात आवळून कुजबुजत होती. “पैसे तसेच आहेत डब्यात. द्या आणि घ्या ससा परत!”

“भवानीचं परत मागतात का कुणी?”

“आणि शनिवारी सायथिप येतेय, तिला काय दाखवाल? ही बोटं?”

“हातमोजे घालीन.”

“घाला की! नारळ खवायला हातमोजे, आणि डोळ्याला काळा चष्मा. सिनेमातच घेतील तुम्हाला!”

दोघी हसल्या. टोपीवालीने पट्टीकडे बोट करून विचारलं, “काय झालं?”

मित्रांनो, एवढं एकच वाक्य पुरलं असतं. या बाईंना दिसत नाही, हा ससा त्यांना हवा आहे. टोपीवाली वाईट नव्हती, तिने तिथल्या तिथे मला दिलं असतं! पण लमियात म्हणाली, “काही नाही हो, काही नाही.” मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, चांगला तळवा टेकून, आणि खुणांनी समजावलं. उन्हात ठेवू नका, तडा जाईल. जिभेला तेल लावत जा. टोपीवालीने सगळं लक्ष देऊन पाहिलं. दोघींनी हात जोडले, दोघी हसल्या. फोटो निघाला.

शनिवारी काय झालं, मला ठाऊक नाही.

इथे थंड देशात मी फळीवर असतो. लोक येतात, मला हातात घेतात, शेपटी बघून हसतात. सुंदर, सुंदर म्हणतात. सुरुवातीला बरं वाटायचं. आता तो शब्द आला की मला ती हळद दिसते. तेल मात्र टोपीवाली न चुकता लावते, खोटं कशाला बोलू.

परवा तिने दुकानातून एक वाळका, केसाळ नारळ आणला आणि म्हटलं खवून बघू. बसली माझ्यावर. उंच बाई ती, तिचे गुडघे पार हनुवटीला लागले! वाटी पुढे केली आणि सर्रकन दोन बोटांवर दाते ओढले गेले. बोटं तोंडात धरून ती तशीच बसली. मग तिची नजर भिंतीवरच्या त्या फोटोवर गेली. ती उठली, अगदी नाक लावून फोटो बघू लागली. पट्टी बघितली. मग लमियातचे डोळे बघितले. ते कॅमेऱ्याकडे नव्हतेच, भलतीकडेच लागले होते.

दुसऱ्या दिवशी तिने मला खोक्यात ठेवलं. भोवती कागद, फडकी, काय काय कोंबलं! मी म्हटलं, सुटलो! पार्सलच्या कचेरीत ती घाईघाईने फॉर्म भरत होती. देश लिहिला. गाव लिहिलं. बाजार लिहिला. आणि पेन थांबलं. खिडकीतल्या माणसाने फॉर्मवर बोट ठेवलं, इथे नाव हवं. तिने काहीतरी सांगून पाहिलं, हातांनी नारळाचा आकार करून दाखवला. तो मान हलवत राहिला.

तिला नाव माहीत नव्हतं. तिने लमियातबरोबर फोटो काढला, तिचा ससा नेला, आणि तिला नावच विचारलं नव्हतं.

आता मी खोक्यातच आहे, दाराशी, चपलांच्या शेजारी. मित्रांनो, तुम्ही बाजारात जाल, काही आवडेल, पैसे द्याल, घेऊन याल. घ्या, जरूर घ्या. पण ज्यांच्याकडून घेताय त्यांच्याशी चार शब्द बोला. त्यांच्या हातांकडे बघा. आणि नाव विचारा हो, नाव.

तिचं नाव लमियात आहे. ल, मि, यात. मी इथे आतून किती ओरडतोय! कुणीतरी सांगा ना टोपीवालीला.