गादीच्या बटणाची गाठ

मी एक जुना रेशमी दोर आहे. माझे दोन तुकडे झालेत, तरी बोलतो एकाच तोंडाने. मित्रांनो, ही गोष्ट संसार करणाऱ्या जाणत्यांसाठी आहे. लहानांनी दुसरं पान उघडावं.

पडदे बांधण्यासाठी मला पीळ भरला गेला आणि मी एका शिंप्याच्या दुकानात आलो. तो पडदे आणि गाद्या शिवायचा. त्याची बायको तिथेच खिडकीशी बसून घड्याळं दुरुस्त करायची. केसाएवढे स्क्रू ती चिमटीत अलगद धरी. गिऱ्हाइकं म्हणत, हिच्या बोटांना डोळे आहेत.

एकमेकांना बांधण्याचा खेळ खेळून पाहावा, असं दोघांच्याही मनात होतं. त्यात वावगं काही नव्हतं. त्यासाठी मऊ अस्तराचे, एका झटक्यात सुटणारे रुंद पट्टे मिळतात, हेही त्यांना ठाऊक होतं. पण दुकानात जाऊन विचारायचं कोणी? लाजेने दोघांचीही जीभ रेटेना. शेवटी तो म्हणाला, घरात दोर असताना बाहेर कशाला शोधायचं. माझी चकाकी पाहून ती हसली आणि मी फुशारलो. मी बारीक आहे, निसरडा आहे, हे कोणी पाहिलंच नाही.

नको वाटलं की ‘थांब’ म्हणायचं, असं ठरलं. सुट्टीची दुपार होती. तिचे हात बांधताना, ओढताच सुटणारी सुरगाठ मारायची सोडून त्याच्या हातांनी सवयीची गाठ मारली, गादीच्या बटणाची. ती ओढली की आवळते आणि मागे सरकत नाही. तिलाही कामात श्वास रोखून निश्चल बसायची सवय. मनगटाला मुंग्या आल्या, पण त्याचा विरस नको म्हणून ती सोसत राहिली.

मग म्हणाली, “थांब. मला अंगठा कळत नाहीये.”

त्याने नखं लावली, दात लावले. मी आणखीच आवळलो. कात्री खाली दुकानात, कुलपात. कापडाची कात्री दुसऱ्या कशाला लावायची नाही, हा त्याचा बाणा. तिला तशीच टाकून तो धावला. एकटी पडल्यावर घाबरून ती हात ओढू लागली आणि मी रुतत गेलो. मित्रांनो, मला सुटायचं होतं. पण दोराला स्वतःहून सुटता येत नाही.

त्याच चांगल्या कात्रीने मला कापलं.

डॉक्टरीणबाईंना त्यांनी सांगितलं की हात दारात सापडला. त्यामुळे उपचार भलतेच झाले. पुढच्या खेपेला तिने खरं सांगितलं. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नस दबली आहे, म्हणाल्या. पट्टा रुंद घ्यावा, आत दोन बोटं सहज जावीत, कात्री हाताशी असावी, बांधलेल्या माणसाला क्षणभरही एकटं सोडू नये, पहिली मुंगी येताच बोलावं.

“हे आधी विचारलं असतं, तरी मी सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या. अंगठा पूर्ववत होईलच, असं मात्र न म्हणता त्यांनी रोज बोटांचा व्यायाम करायला सांगितला.

खिडकीतलं तिचं घड्याळांचं टेबल आता झाकलेलं असतं. दुपारी तो माझ्या तुकड्याला सैल सुरगाठ मारतो आणि ती सोडवायला बसते. अंगठ्याचा व्यायाम म्हणून.

“मी सोडवू का?”

“नको. तू हात लावू नकोस.”

मित्रांनो, चकाकीवर भुलू नका. विचारायला लाजू नका आणि दुखलं तर सोसत बसू नका. आजही गाठ सुटली नाही. मी चिमटीत आहे की निसटलो, हे तिला वाकून बघावं लागतं.