माझी शेपटी बांधतात तो दिवस

मित्रांनो, मान जरा वर करा. चौदा पात्यांची, त्यांतल्या दोन पात्यांना ठिगळं लावलेली, सतत कुरकुरणारी पवनचक्की ती मीच. मर्साबिट गावाच्या उत्तरेला काळ्या दगडांचा माळ आहे. तिथे गाब्रा लोकांचे उंट पाण्याला येतात, आणि तिथेच मी उभी आहे.

माझे भाग ट्रकमधून आले. पहिल्या वाऱ्याला माझा दट्ट्या हलला, जमिनीच्या पोटातलं पाणी हौदात पडलं, आणि बायकांनी माझ्या पायांवर दूध शिंपडलं. मला डिझेल लागत नाही, मी धूर ओकत नाही. इथे वर्षाचे दहा महिने वारा असतो आणि तो फुकट मिळतो. मी फुशारले, खोटं कशाला बोलू?

माझ्या शेजारी एक जुनी विहीर होती. पाच माणसं एकाखाली एक उभी राहून, गात गात बादल्या वर देत. मी आले आणि ते गाणं थांबलं. विहिरीत वाळू साचू लागली. उंटांच्या पाण्याच्या पाळ्या ठरवणारे एलेमा आबा तेवढे दर वर्षी खाली उतरून जमेल तितका गाळ काढत.

"आबा, त्या म्हातारीला न्हाऊ घालून काय मिळतं तुम्हाला?" वस्तीतली तलासो त्यांना चिडवायची. तिची जीभ तिखट, पण उंटांवर भारी जीव.

"तुझी चक्की कोणाचं ऐकते गं?"

"वाऱ्याचं."

"आणि वारा?"

तलासो हसून निघून जायची.

माझे दोषही सांगते. माझ्या आवाजाने नवे उंट बुजतात. एकदा एक करकोचा माझ्या पात्यांत सापडला. त्याची पिसं हौदात तरंगत होती आणि मला थांबता येत नव्हतं. ते मी अजून विसरले नाही.

मग एका उन्हाळ्यात वारा पडला. एक दिवस, तीन दिवस, नऊ दिवस. हौदाचा तळ दिसला. दहाव्या दिवशी उंटांना पाणी पाजायची पाळी तलासोची होती. तिची उंटीण नुकतीच व्यालेली, आणि घरातली दोन लेकरंही त्याच दुधावर. उंटीण कोरड्या हौदात तोंड घालून उभी राहिली. तलासोने माझ्याकडे पाहिलं आणि उंटिणीच्या मानेवरून हात फिरवला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एलेमा आबा विहिरीच्या काठावर बसून वहाणा काढत होते. "चल पोरी, खाली अजून कंबरभर गाळ आहे. माझ्या एकट्याने नाही व्हायचं."

तलासो उतरली. मागोमाग तिचा भाऊ, मग शेजारचे दोघे. आधी वाळू निघाली, मग चिखल, मग पाणी. कितीतरी वर्षांनी ते गाणं वर आलं. उंटीण पोटभर प्यायली.

तेवढ्यात वारा सुटला आणि माझी पाती फिरू लागली. विहिरीतले हात थांबले. मला वाटलं, आता हे सगळं सोडून माझ्याकडे येणार. तलासो वर आली आणि तिने मला वाऱ्याकडे वळवणारी माझी शेपटी दुमडून दोराने बांधून टाकली. तशी बांधली की मी फिरत नाही.

"थांब गं बाई जरा," ती मला म्हणाली. "आधी तळ साफ होऊ दे."

एलेमा आबा आता नाहीत. पण दर वर्षी, भर वाऱ्याच्या दिवसांत, तलासो एक दिवस माझी शेपटी बांधते आणि सारी वस्ती गाळ काढायला उतरते. मित्रांनो, मला वेळेवर वंगण घाला, माझी पाती घट्ट करा, मी जन्मभर पाणी देईन. पण वारा माझ्या हातात नाही, म्हणून त्या म्हातारीलाही जपा. तो एक दिवस मी गप्प उभी असते आणि खालून गाणं येतं. वर्षभर मी त्याच दिवसाची वाट बघते.