नावाड्याची पायरी

"पाच! नावाडी पडला," फासे टाकून अमरसिंहराव ओरडले आणि त्यांनी कागदावरचा चिंचोका उचलून बाजूला ठेवला. "चला, नाव आपली झाली."

१९६१ सालातला रविवार होता. राजवाड्यामागच्या गल्लीत वैद्यनाथरावांच्या तिण्णैवर, घरापुढच्या ओट्यावर, तिघांचा खेळ रंगला होता. खेळ वैद्यनाथरावांनी स्वतः रचलेला. खाकी कागदावर एक काल्पनिक राज्य, त्यात नदी, डोंगर, सात गावं. अमरसिंहराव सरदार, शाळामास्तर शेषाद्री मांत्रिक. लढाई जिंकली की अनुभव वाढे आणि माणूस एक पायरी चढे. सरदार पाचव्या पायरीवर पोचला होता. गावकऱ्यांचा मात्र कोणी विचारच केला नव्हता. कुंभार, सुईण, नावाडी, सगळे पहिल्याच पायरीवर. एका फाशात मरत. पुरात नाव सोडणार नाही, एवढंच हा नावाडी म्हणाला होता.

कॉफीचे पेले घेऊन आलेल्या वैद्यनाथरावांच्या पत्नी चंद्रमतीबाई उंबऱ्यातच थांबल्या. "तो किती वर्षं नाव चालवत होता?"

"कोण?" वैद्यनाथरावांनी विचारलं.

"आता मेला तो."

"तसं काही लिहिलेलं नाही गे."

"मग एकच पायरी, हे कसं कळलं तुमाला? पूर बघून जो थांबतो, त्याला नदी कळते की."

अमरसिंहराव हसले. "वहिनी, अस्के, अगदी सगळे शहाणे झाले तर आम्ही मारायचं कोणाला?"

वैद्यनाथराव हसले नाहीत. पुढच्या रविवारी नदी ओलांडू, असं ठरवून त्यांनी कागद गुंडाळला.

सोमवारी, मंगळवारी ऑफिसातून आल्यावर ते वही घेऊन बसले. नुसती वर्षं मोजावीत, तर वीस वर्षं तेच काम वाईट करणारेही असतात. कुंभाराला चौथी पायरी द्यावी, तर तो तलवारीपुढे टिकणार नाही. पण पायरी म्हणजे काय फक्त मारता येणं? शेवटी त्यांनी दोन रकाने आखले, एक लढाईचा, एक कामाचा. सुईण लढाईत पहिली, कामात आठवी. नावाडी सातवा. कारकुनापाशी आल्यावर मात्र पेन्सिल अडली. बावीस वर्षं ते स्वतः कालव्यांच्या ऑफिसात एकाच खुर्चीवर होते. ती जागा त्यांनी कोरी सोडली.

बुधवारी ऑफिसात रोजंदारीवरच्या माणसांची वार्षिक यादी टेबलावर आली. गेल्या सहा वर्षांच्या याद्या त्यांच्याच अक्षरात होत्या. 'रामस्वामी, दप्तरखाना, अकुशल.' दरवर्षी मागची यादी पुढे ठेवायची आणि उतरवून काढायची. यंदा त्यांचा हात थांबला. ते उठून दप्तरखान्यात गेले.

रामस्वामी लाकडी घोड्याच्या शिडीवर चढून कागदपत्रांचे कापडात बांधलेले रुमाल फळीवर लावत होता. साठीला टेकलेला, वाळकुडा माणूस.

"तुझं काम नेमकं काय, रामस्वामी?" वैद्यनाथरावांनी तमिळमध्ये विचारलं.

"काम कसलं, सार! वर ठेवायचं, खाली काढायचं."

"ओरत्तनाडुच्या कालव्याच्या फाट्याचा जुना नकाशा मिळेल? साल ठाऊक नाही."

"बांध फुटला त्याच्या आधीचा की नंतरचा?"

"आधीचा."

रामस्वामी दिवा न लावता आतल्या फळ्यांकडे गेला आणि एक रुमाल घेऊन आला. गाठ सोडण्याआधी त्याने तो नाकाशी धरला. "नकाशा ह्यातच आहे. पण शेजारच्या रुमालाला वाळवी लागलीय, सार. आजच काढतो."

त्याला अक्षरओळख नव्हती. एकतीस वर्षं तो ह्या फळ्यांमध्ये होता.

वैद्यनाथराव जागेवर आले आणि त्यांनी लिहिलं, 'रामस्वामी, दस्तऐवजांचं जतन, कुशल, एकतीस वर्षं.'

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "कुशल लिहिलंत तर त्याला कायम करायचा प्रश्न निघेल. उत्तरं मी द्यायची? खोडा ते."

"लिहिलंय ते खरं आहे, सर."

"सहा वर्षं तुम्हीच अकुशल लिहीत होतात!"

"सहा वर्षं चुकलो, सर."

"हेडक्लार्कसाठी तुमचं नाव वर जायचंय, लक्षात आहे ना?"

'खोडतो' एवढा एक शब्द पुरला असता. पण वैद्यनाथरावांनी यादीला हात लावला नाही. साहेबांनीच तांबड्या शाईने रेघ ओढली, वर 'अकुशल' लिहिलं आणि सही केली. हेडक्लार्कसाठी वैद्यनाथरावांचं नाव वर गेलं नाही.

रविवारी त्यांनी खेळाचे नवे नियम वाचून दाखवले. अमरसिंहराव म्हणाले, "बेश. पण नाव तर आमची आहे ना? हाकू आम्हीच."

"हाका. नाव हाकण्यात तुम्ही पहिल्या पायरीवर."

फासे पडले. भर पुरात नाव उलटली आणि पाचव्या पायरीवरचा सरदार बुडाला. शेषाद्री खो खो हसले. अमरसिंहरावांनी अंगवस्त्र खांद्यावर टाकलं. "दोन वर्षं खेळवून बुडवलंत मला एका नावाड्यापायी," असं म्हणून ते निघून गेले. पुन्हा त्या ओट्यावर आले नाहीत. दोघांत काय खेळ होणार? महिन्याभरात शेषाद्रीही यायचे थांबले.

ऑफिसात गोष्ट लपून राहत नाही. सही झालेली यादी दप्तरखान्यात जायच्या दिवशी रामस्वामी स्वतःच ती न्यायला वैद्यनाथरावांच्या टेबलाशी आला.

"माझ्याविषयी काही लिहिलंय म्हणतात. वाचाल का, सार?"

वैद्यनाथरावांनी तमिळ करून वाचलं. रामस्वामीने कागदावर बोट टेकवलं. "ही तांबडी रेघ कसली?"

"साहेबांनी खोडलं. तुला कायम करणार नाहीत. माझं चाललं नाही रे."

रामस्वामी कागदावर वाकला. "रेघेखालचं दिसतंय ना पण?"

"दिसतंय."

"मग पुन्हा एकदा वाचा."

वैद्यनाथरावांनी पुन्हा वाचलं, या वेळी जरा मोठ्याने. आजूबाजूच्या कारकुनांनी माना वर केल्या. रामस्वामीने कागदाची नीट घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि तो दोन्ही हातांवर घेऊन दप्तरखान्याकडे चालू लागला.