हातभर वर टांगलेली बत्ती

मी एक जुनी, पत्र्याच्या टोपीची बत्ती आहे, मित्रांनो. टोपीला एका अंगाने पोचा आलाय, पण उजेड अजून पांढरा शुभ्र पडतो. तेवढा तोरा मी कुणाला उतरवू देणार नाही.

कारखान्यात माझ्या पोटात बारीक दिव्यांची चकती बसवली, वर टोपी चढवली आणि एका मुलीने मला एकदा पेटवून बघून खोक्यात घातलं. शिंप्याच्या मशीनवर, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर, जिथे माणसाला बारीक बघायचं असतं तिथे लटकायला मी जन्मले. झाडं वाढवायला नव्हे. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे सगळे मलाच बोल लावाल.

दुकानात माझ्या शेजारी एक जांभळट दिवा होता. तो लागला की अख्खं दुकान वांग्याच्या रंगाचं व्हायचं. मी त्याला मनातल्या मनात हसायचे.

एके दुपारी काकू आल्या, मागे त्यांची सून. काकूंचा जन्म कपडे शिवण्यात गेलेला. त्यांचे यजमान आप्पा रोपवाटिकेत माळी होते. मोठं आजारपण झालं, डावं अंग गेलं आणि आप्पा घरात बसले. आप्पांनी वर्षानुवर्षं निवडून निवडून स्वतःची एक मिरची तयार केली होती. झाड बुटकं, मिरच्या झुपक्याने, सगळ्या आभाळाकडे तोंड करून. ती दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. बी जुनं होत चाललं होतं, आणखी एक वर्ष ठेवलं असतं तर उगवलंच नसतं. म्हणून आप्पांनी एका हाताने ते सगळंच्या सगळं ट्रेमध्ये पेरलं. स्वयंपाकघरामागची अडगळीची खोली त्यासाठी रिकामी केली. तिची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते, ऊन कसलं ते तिथे येत नाही. रोपांना दिवा हवा होता.

दुकानदाराने जांभळा दिवा लावून दाखवला. रोपांसाठीच आहे म्हणाला. काकूंनी पिशवीतून दोऱ्याची रिळं काढली. रंग जुळवायला नेहमी जवळ बाळगायच्या त्या. हिरवं आणि काळं रीळ त्यांनी त्या उजेडात शेजारी धरलं. दोन्ही सारखीच दिसली. काकूंनी नाक मुरडलं. हिरवं-काळं ओळखता येत नाही त्याला दिवा कशाला म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. मग मला लावलं. हिरवं हिरवं दिसलं, काळं काळं. मी अशी फुलले म्हणता!

सून दबकत म्हणाली, “आई, पण त्या खोक्यावर झाडाचं चित्र आहे.”

“साबणावर बाईचं चित्र असतं. लावून तशी झालीस का?”

दुकानदाराने तेवढ्यात सांगून बघितलं की हीच न्यायची तर रोपांपासून वीतभर उंचीवर लावा, हिचा जोर लांबवर पोचत नाही. काकूंनी मान हलवली, पण लक्ष पिशवीची नाडी आवळण्यात होतं.

घरी आल्यावर त्यांनी मला छताजवळच्या खुंटीला दोरी बांधून खाली सोडलं. रोपांपासून चांगली हातभर वर. खाली सगळी खोली कशी लख्ख दिसली! आप्पांना खुर्चीत बसवून आणलं. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि अडखळत म्हणाले, “खाली घे.”

काकू म्हणाल्या, “भाजतील पानं. जन्मभर इस्त्री फिरवलीय मी. ऊब किती अंतरावर डाग पाडते ते मला शिकवू नका.”

मित्रांनो, माझ्या अंगाला हात लावला असता तरी कळलं असतं. मी कोमट असते, नुसती कोमट. पण मला कोण हात लावतो!

रोपं उगवली आणि माझ्याकडे यायला म्हणून ताणत गेली. उंच, पांढुरकी, दोऱ्यासारखी. काकूंना कोण कौतुक! येईल त्या शेजारणीला खोलीत आणून दाखवायच्या की बघा, आमच्या बत्तीखाली कशी भराभर वाढतायत. मीही त्या स्तुतीने उतू जात होते. आप्पांनी तेव्हा दुसऱ्यांदा सांगितलं, “अगं, ही वाढ नाही. भूक आहे ती. खाली घे.” काकू म्हणाल्या की तुम्हाला माझं केलेलं कधी गोड लागलंय? आप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढे ते त्याबद्दल बोलले नाहीत. खोलीत न्या असंही म्हणाले नाहीत.

मग एका सकाळी सून पाणी घालायला आली तेव्हा रोपं मानेत मोडून आडवी झाली होती. तिने हाक मारली. काकू आल्या, काड्यांचे टेकू लावत बसल्या. शिवणाऱ्या बाईचे हात ते, सांभाळून, एकेक देठ उचलणारे. उपयोग झाला नाही. चार दिवसांत ट्रे सपाट झाला.

त्या दिवशी काकूंनी स्टुलावर चढून माझी दोरी सोडली. मला खाली, थेट मातीच्या वर वीतभर आणून बांधलं. मग बाहेर जाऊन आप्पांच्या पायाशी बसल्या. खोलीचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

“अहो, बी द्या. पुन्हा लावू. तुम्ही सांगाल तशी बांधते.”

“सगळं लावलं होतं गं,” आप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आता मी इथेच असते, रिकाम्या ट्रेवर, धूळ खात. मला लावत कुणी नाही. वाईट याचंच वाटतं की माझं अंगबळ अगदीच कमी नव्हतं. वीतभरावर असते तर ती मिरची जगवली असती मी.

मित्रांनो, दिवा निवडाल तेव्हा तो तुमच्या डोळ्यांना कसा दिसतो हे बघू नका, ज्याला जगायचंय त्याला किती पोचतो ते बघा. आणि घरातलं कुणी अडखळत का होईना, दोनदा एकच गोष्ट सांगत असेल, तर हातातलं काम ठेवून ऐका. तिसऱ्यांदा सांगायची ताकद प्रत्येकाकडे नसते.

काकू हल्ली आप्पांना सगळं विचारतात. खुर्ची कुठे ठेवू, पडदा वर करू का, चहा आत्ता देऊ की थांबू. आप्पा दर वेळी शांतपणे म्हणतात, “तुला बरं वाटेल तसं कर.”