उताराची माती

पट्टा काढून संशोधकाने पँट सुतळीने बांधली, किल्ल्या झाडाखालच्या थैलीत टाकल्या आणि थोरलीकडे पाहिलं.

"मावशी, कमरेचा विळा तेवढा लांब ठेवा. जवळ लोखंड असलं की यंत्राचा आकडा बिघडतो."

"विळा राहू दे. मीच लांब राहते."

धाकट्या बहिणीच्या शेताशेजारी रिकाम्या हाती उभं राहणं तिला मंजूर नव्हतं.

नांगरटीने माती कशी बदलते, एवढंच संशोधकाला पाहायचं होतं. वरच्या थरातली माती चुंबकाला जरा जास्त जुमानते, खालची कमी. त्यावरून कुठली माती कुठे गेली ते कळतं. थोरलीने मात्र त्याला साक्षीदार म्हणूनच शेतात येऊ दिलं होतं. उताराखाली धाकटीचं पीक कमरेला लागायचं, हिचं गुडघ्याशी रेंगाळायचं. धाकटी माझी माती चोरते, असं हिने चारचौघांत सांगून टाकलं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. मधला बांधही कुणी ओलांडत नव्हतं.

संशोधकाने ओलांडला, तेव्हा धाकटी पाटाचं पाणी वळवत होती.

"माती झाली की आमच्या आक्कांची जीभही मोजून घ्या," ती म्हणाली. "लांबी तरी कळेल."

तो मान खाली घालून यंत्राची काठी जमिनीला टेकवत राहिला. थोरलीच्या चढावर आकडे पडलेले, बांधापलीकडे चढलेले. त्याने यंत्र बंद करून पुन्हा लावलं. सुतळीची गाठसुद्धा तपासली. आकडे हटेनात.

"सापडली ना?" परतल्यावर थोरलीने लांबूनच विचारलं.

"सापडली. तुमची वरची माती तिच्याकडेच आहे."

"तरी मी म्हणत होते."

"पण तिने नेली नाही, मावशी. तुम्ही नांगर उताराच्या दिशेने घालता. दर खेपेला माती थोडी खाली सरकते, पावसात बांधावरून पलीकडे जाते. तुम्हीच पाठवलीत."

थोरलीने चढाकडे पाहिलं, मग उताराकडे. जणू दोन्ही आत्ताच कुणीतरी आणून ठेवले होते.

"सगळी?"

"चांगली तेवढी."

आता ही ओरडणार की रडणार, संशोधकाला कळेना. पलीकडे धाकटी काम सोडून इकडेच बघत होती.

थोरलीने कमरेचा विळा उपसला. संशोधक दोन पावलं मागे सरला. तिने तो बांधावर ठेवला, हात झटकले आणि पलीकडे पाय टाकला.

"लोखंड नको म्हणालात ना," ती मागे न बघता म्हणाली.

मोजणी कधीच संपली होती. संशोधकाने यंत्र पुन्हा चालू केलं, काठी जमिनीला टेकवली आणि उगाचच आकड्यात डोकं घातलं.